अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरची उभारणी आणि पहिला प्रकाश : प्रकल्प नोंदी

या नोंदी २५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या लिनॅकवर, म्हणजे इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणाऱ्या त्वरकावर, चालणाऱ्या अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या उभारणीच्या आहेत. अशा लेसरमध्ये वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) चुंबकांच्या ओळीतून नागमोडी जाताना प्रकाश देतो. यंत्राची मुख्य मापे अशी : लिनॅकची वारंवारता २८५६ मेगाहर्ट्झ, इलेक्ट्रॉनच्या पुंजक्यांची वारंवारता तिच्या एक-अठ्ठेचाळिसांश म्हणजे ५९.५ मेगाहर्ट्झ, पल्सची लांबी १० मायक्रोसेकंद, सेकंदाला १० पल्स, प्रत्येक पुंजक्यात सुमारे अर्धा नॅनोकुलोंब प्रभार. अन्ड्युलेटर, म्हणजे चुंबकांची ही ओळ, २ मीटर लांबीचा असून त्याचे आवर्तन ५० मिलिमीटरचे आहे, आणि के-मूल्य (त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे माप) १ असताना त्यातून सुमारे १५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश मिळायला हवा. त्याच्या दोन टोकांच्या पलीकडे दोन अंतर्वक्र आरसे आहेत; प्रकाश त्यांच्यात पुन्हापुन्हा फिरून वाढतो. क्ष-किरणांच्या लेसरमध्ये असे आरसे वापरता येत नाहीत. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरसारख्या यंत्रांत लांबलचक अन्ड्युलेटरच्या एकाच फेरीत प्रकाश वाढवावा लागतो. त्यामुळे आरशांविषयीचे येथील अनुभव तेथे लागू पडणार नाहीत, परंतु निर्वात, आरएफ (इलेक्ट्रॉनना वेग देणारी रेडिओ-लहरींची शक्ती) आणि बीमविषयीचे बहुतेक पडतील.

सिद्धान्त पुस्तकांत चांगला मिळतो. वेळ कोठे जातो, हे मात्र तेथे सापडत नाही, आणि आमचा बहुतेक वेळ दोनच गोष्टींत गेला : जे स्थिर आहे असे गृहीत धरले होते ते खरोखर स्थिर ठेवणे, आणि पडद्यावर दिसणारा संकेत खरा आहे की नाही हे ठरवणे. म्हणून याच दोन गोष्टींविषयी येथे सविस्तर लिहिले आहे.

११ जानेवारी

बोगद्यातील आधार-चौकटी बसवून झाल्या. लेसर ट्रॅकरने (लेसरने अंतरे व जागा मोजणाऱ्या उपकरणाने) सर्व चुंबकांची व बीम पाहण्याच्या पडद्यांची जागा संदर्भ-रेषेपासून एक-दशांश मिलिमीटरच्या आत आणली. भिंतीतील संदर्भ-खुणांची मोजणी यंत्रसामग्री आत येण्यापूर्वीच पूर्ण करून घ्यावी. नंतर वेव्हगाइड (आरएफ वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि केबलच्या गर्दीत निम्म्या खुणांकडे ट्रॅकरला थेट दृष्टी मिळत नाही.

२४ जानेवारी

इलेक्ट्रॉन गन ते लिनॅकचे तोंड या भागात दाब अपेक्षेपेक्षा सुमारे दहापट जास्त राहिला होता. हीलियम फवारून प्रत्येक सांधा तपासला, पण गळती कोठेच दिसेना. शेवटी उर्वरित-वायू विश्लेषकाच्या (आत उरलेले वायू रेणूंच्या वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आलेखाकडे नीट पाहिल्यावर दिशा मिळाली. बाहेरची हवा आत येत असेल तर २८ या वस्तुमानाच्या शिखराबरोबर ३२ चे ऑक्सिजनचे आणि ४० चे आरगॉनचे शिखर दिसते. येथे ती दिसत होती, पण त्यांची उंची दिवसेंदिवस हळूहळू उतरत होती. खरी गळती अशी उतरत नाही. आत कोठेतरी कोंडलेली हवा संथपणे बाहेर येत असली तरच असे घडते.

बीमचा पडदा आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेत आंधळ्या भोकांत बसवलेले साधे स्क्रू निघाले. प्रत्येक स्क्रूच्या तळाशी हवेची छोटी पोकळी होती आणि आट्यांमधून तिला बाहेर पडायला अतिशय अरुंद वाट होती. मधोमध आरपार भोक असलेले स्क्रू लावल्यावर प्रश्न सुटला. स्क्रू क्षुल्लक किमतीचे होते. पण तो भाग पुन्हा उघडणे, पुसणे, जोडणे आणि नव्याने पंप करणे यात दोन आठवड्यांची मुदत हातची गेली. ज्यांचे काम अजून आराखड्याच्या टप्प्यावर आहे त्यांनी निर्वातात जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूची नोंद आराखड्यात तपासावी.

९ फेब्रुवारी

गनचा भाग १५० अंश सेल्सिअसला तापवून थंड केला. १८ चे, म्हणजे पाण्याच्या वाफेचे शिखर खाली बसले आणि दाब १०⁻⁹ मिलिबारच्या पट्ट्यात आला. तापवताना सिरॅमिकचे सांधे व धातूचे भाग वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात, म्हणून तापमान तासाला काही अंश एवढ्याच गतीने चढवले व उतरवले.

२० फेब्रुवारी

आरएफ चालू करण्याआधी सुरक्षा-साखळीची चाचणी घेतली. शोध-फेरीची (आत कोणी राहिले नाही ना हे पाहणाऱ्या फेरीची) बटणे ठरलेल्या क्रमाने दाबल्याशिवाय दार बंद झाल्याचा संकेत मिळत नाही. दार उघडले, आणीबाणीचे बटण दाबले किंवा किल्ली जागेवरून काढली की मॉड्युलेटर (आरएफ शक्ती निर्माण करणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळीला उच्च व्होल्टेजची पल्स देणारा) आणि गन दोन्ही स्वतंत्र मार्गांनी बंद होतात. हे दोन मार्ग खरोखर स्वतंत्र आहेत का, याची तपासणी प्रत्येक तार प्रत्यक्ष काढून केली. आराखड्यात दोन असलेले मार्ग एका ठिकाणी एकाच रिलेमधून जात असल्याचे त्यामुळे उघड झाले, आणि दुसरा रिले बसवेपर्यंत पुढचे काम थांबवले. या कामात घाई करू नये, मग वेळापत्रक कितीही मागे पडो.

बीम-डम्पविषयी, म्हणजे वापरून झालेला बीम जेथे थांबवतात त्या भागाविषयी, एक टीप. २५ एमईव्हीला न्यूट्रॉनची निर्मिती दुर्लक्षून चालत नाही. शिसे, टंगस्टन आणि तांबे यांच्यात न्यूट्रॉन बाहेर काढण्याची उंबरठा-ऊर्जा १० एमईव्हीच्या आसपास किंवा त्याहून खाली आहे, तर कार्बनमध्ये ती १८ एमईव्हीच्या वर आहे. म्हणून बीम प्रथम ग्रॅफाइटवर आदळेल आणि जड धातू त्याच्या मागे राहील अशी रचना ठेवली.

६ मार्च

मॉड्युलेटरची पल्स सपाट करण्याचे काम. क्लायस्ट्रॉनची शक्ती व्होल्टेजच्या साधारण अडीच घाताने बदलते, म्हणजे व्होल्टेज १ टक्का हलले की शक्ती सुमारे अडीच टक्के हलते आणि फेजही काही अंशांनी सरकते. अन्ड्युलेटरची ४० आवर्तने लक्षात घेता बीमची ऊर्जा अर्ध्या टक्क्याहून अधिक पसरलेली चालणार नाही. सुरुवातीला पल्सच्या माथ्यावर दीड टक्क्याची लाट होती. पल्स घडवणाऱ्या जाळ्यातील प्रत्येक कॉइलचा गाभा थोडा आत-बाहेर करून ती खाली आणली. एक कॉइल हलवली की शेजारच्या दोन भागांचा आकार बदलतो, म्हणून दरवेळी पूर्ण आलेख जपून ठेवला आणि एका वेळी एकच कॉइल हलवली. एकाच वेळी दोन-तीन कॉइलना हात लावला की कोणता बदल कशामुळे झाला याचा मेळ लागत नाही.

१९ मार्च

लिनॅकच्या आरएफ कंडिशनिंगला, म्हणजे शक्ती हळूहळू वाढवून ती ठिणगीविना पेलण्याजोगा आतला पृष्ठभाग करण्याला, सुरुवात झाली. पल्स अर्ध्या मायक्रोसेकंदाची ठेवून शक्ती वाढवत न्यायची, पूर्ण शक्तीला पोहोचल्यावर ती पुन्हा खाली आणून पल्स थोडी लांब करायची, आणि हाच क्रम १० मायक्रोसेकंदांपर्यंत चालवायचा. निर्वाताचा दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला किंवा परतणारी शक्ती अचानक वाढली की आरएफ आपोआप बंद होते. हे काम स्वयंचलित प्रोग्रॅमकडे द्यावे, कारण रात्रभर माणसे बसवली तर थकवा आल्यावर शक्ती जरा जास्तच पुढे रेटली जाते आणि सकाळी तांब्याच्या पृष्ठभागाला त्याची किंमत मोजावी लागते.

२ एप्रिल

पल्स ४ मायक्रोसेकंदांच्या पुढे गेली की पुन्हापुन्हा ठिणगी पडत होती. ठिणगी लिनॅकमध्ये आहे असे धरून शक्ती कमी करून कंडिशनिंग लांबवत राहिलो, तरीही ठिणग्यांची संख्या घटेना. कंडिशनिंगने बरी होणारी जागा हळूहळू शांत होत जाते; जी जागा शांत होत नाही तिच्यात यांत्रिक दोष असण्याचीच शक्यता अधिक. दोन जागी बसवलेल्या दिशादर्शक कपलरवर (जाणारी व परतणारी शक्ती वेगवेगळी दाखवणाऱ्या जोडांवर) परतणाऱ्या संकेताच्या वेळेतील फरक मोजला, तेव्हा ठिणगी लिनॅकच्या बाहेर, निर्वातातील वेव्हगाइडच्या एका सांध्याजवळ असल्याचे निघाले. तो सांधा उघडला. तांब्याच्या गॅस्केटची आतली कड एका कोपऱ्यात केसभर आत सरकली होती आणि त्याच कोपऱ्यावर काळसर, खवलेदार डाग होता. समोरच्या फ्लँजवरही नेमक्या त्याच जागी मटारच्या दाण्याएवढी जळकी खूण होती. गॅस्केट बदलले, फ्लँज घासून गुळगुळीत केला आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क मोजून आवळले. त्यानंतर आठवडाभरात १० मायक्रोसेकंदांपर्यंत पोहोचलो.

क्लायस्ट्रॉनच्या बाजूच्या वेव्हगाइडमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो. त्यात ठिणगी पडली असेल तर विषारी घटक तयार झालेले असतात, म्हणून तो भाग वायू पूर्ण काढल्याशिवाय आणि हातमोज्यांशिवाय उघडू नये.

२१ एप्रिल

गनमधून पहिला बीम निघाला आणि पहिल्याच पडद्यावर तो मध्यापासून कित्येक मिलिमीटर बाजूला पडला. गनच्या ९० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला पृथ्वीचे सुमारे अर्ध्या गॉसचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा अर्ध्या मीटरच्या वाटेत बीमला ६ मिलिमीटरपर्यंत ढकलू शकते, हे गणित आधीच केलेले होते आणि त्यासाठी दुरुस्ती-कॉइलही बसवलेल्या होत्या. पण विचलन त्याहून जास्त होते आणि त्याची दिशाही जुळत नव्हती. गॉसमीटर घेऊन पाइपच्या बाजूने सरकत गेल्यावर आयन पंपापाशी काटा एकदम उसळला. पंपाच्या कायमचुंबकांचे क्षेत्र बीमच्या वाटेपर्यंत पोहोचत होते. पंप जोडनळीने दूर नेला, त्या टप्प्यात पाइपभोवती म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे दोन थर गुंडाळले आणि बीम मध्यावर आला. पंप दूर गेल्यामुळे त्या जागेचा दाब थोडा वाढला, परंतु तो स्वीकारण्याजोगा होता.

१० मे

बीम लिनॅकमधून पार गेला. वळण-चुंबकामागच्या पडद्यावर ऊर्जा २५ एमईव्हीच्या जवळ मोजली, पण ती तासाभराच्या लयीत वर-खाली होत होती. हीच लय थंड पाण्याच्या तापमानात सापडली. तांब्याची लिनॅक १ अंशाने तापली की तिची वारंवारता सुमारे ४८ किलोहर्ट्झने खाली येते. पाण्याचे तापमान अर्धा अंश वर-खाली होत होते आणि लिनॅक तेवढ्याने सुरापासून सरकत होती. तापमान-नियंत्रकाचा संवेदक टाकीत होता. तो लिनॅकच्या तोंडाशी नेऊन नियंत्रण नव्याने जुळवले आणि चढउतार एक-दशांश अंशाच्या आत आणला.

२८ मे

अन्ड्युलेटर जागेवर बसवला. हॉल-प्रोबने त्याचे क्षेत्र बसवण्याआधीच मोजून घेतले होते. तो जागेवर आल्यावर शेजारी लोखंडी चौकट येते आणि टोकांचे क्षेत्र थोडे बदलते, म्हणून दोन्ही टोकांच्या दुरुस्ती-कॉइलचे प्रवाह पुन्हा ठरवावे लागले. २५ एमईव्हीच्या बीमलाही पृथ्वीचे क्षेत्र २ मीटरच्या मोकळ्या वाटेत एक मिलिमीटरहून जास्त वाकवते, आणि बीमची रुंदी तेवढीच आहे. तेव्हा ही दुरुस्ती टाळता येत नाही. चुंबकांजवळ लोखंडी हत्यारे नेण्यास सक्त मनाई केली. बोगद्याच्या दारापाशी पितळी व बिगरचुंबकी हत्यारांची वेगळी पेटी ठेवली आहे.

१४ जून

आरशांची जुळणी. सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे आरसे, वक्रता त्रिज्या सुमारे २.९ मीटर, आणि एका आरशाच्या मध्यभागी प्रकाश बाहेर काढण्यासाठी २ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आहे. आरशावर प्रकाशाचा ठिपका सुमारे १२ मिलिमीटर रुंद पडतो, त्यामुळे छिद्रातून प्रत्येक फेरीला पाच-सहा टक्के प्रकाश बाहेर पडतो. हीलियम-निऑन लेसरने दोन्ही आरसे हवेत असताना अचूक जुळवले. परावर्तित ठिपका छिद्रावर नेमका परतत होता. मग कक्ष बंद करून पंप सुरू केले, आणि ठिपका पाहतापाहता छिद्रापासून सरकत आरशाच्या कडेकडे गेला.

कारण साधे आहे, पण ते आराखड्यात धरले गेले नव्हते. १०० मिलिमीटर व्यासाच्या बेलोजवर (घड्यांच्या लवचीक धातूच्या नळीवर) वातावरणाचा दाब सुमारे ८०० न्यूटन बलाने ढकलतो. हे सगळे बल आरशाच्या आधारावर येत होते आणि आधार किंचित कलत होता. आता बेलोजचे बल दोन्ही बाजूंनी सारखे येईल अशी जोडणी केली आहे, कक्षाची चौकट आडव्या सळ्यांनी बांधली आहे आणि आरशाचा आधार कक्षापासून वेगळा केला आहे. अंतिम जुळणी नेहमी निर्वातातच, मोटरने करायची असा नियम घातला. आधार नव्याने बनवून घेण्यात जवळजवळ पूर्ण महिना गेला. संपूर्ण उभारणीत एका भागापायी खर्ची पडलेला हा सर्वांत मोठा काळ होय.

१८ जुलै

डिटेक्टरवर संकेत दिसला. द्रवरूप नायट्रोजनने ७७ केल्व्हिनला थंड केलेला पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा डिटेक्टर, आणि ऑसिलोस्कोपवर बीमच्या पल्सबरोबर नेमकी उभी राहणारी १० मायक्रोसेकंदांची उंच पायरी. सर्वांना आनंद झाला. त्यानंतर डिटेक्टरच्या तोंडासमोर ॲल्युमिनियमची पट्टी धरली, तेव्हा संकेत तसूभरही हलला नाही.

संकेताचे दोन भाग निघाले. एक भाग मॉड्युलेटरच्या विद्युत-गोंगाटाचा होता आणि बीम बंद केला तरी तो उरत होता. दुसरा भाग बीमसोबत येत होता, पण पट्टीने अडत नव्हता : बीमची कड कोठेतरी घासून निर्माण होणारे क्ष-किरण थेट डिटेक्टरच्या स्फटिकावर आदळत होते. प्रकाशाचा त्यात मागमूसही नव्हता. डिटेक्टर सरळ रेषेतून काढून दोन आरशांच्या वळणानंतर शिशाच्या भिंतीआड नेला, केबलला दुहेरी आवरण दिले आणि भू-जोडणी एकाच जागी ठेवली.

येथून पुढे कोणताही संकेत नोंदवहीत उतरवण्यापूर्वी तीन चाचण्या बंधनकारक केल्या आहेत. पट्टी आडवी धरल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. अन्ड्युलेटरच्या चुंबकांमधील फट रुंद केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. बीम पहिल्या पडद्यावर अडवल्यावरही तो नाहीसा झाला पाहिजे. तिन्हींपैकी एकही चुकली तर तो प्रकाश म्हणायचा नाही. या चाचण्यांना काही मिनिटे लागतात. त्या न करता मिळालेल्या ‘यशा’वर पुढचे निर्णय बेतले असते, तर किती आठवडे वाया गेले असते याची कल्पना करवत नाही.

२९ जुलै

तिन्ही चाचण्या पार करणारा पहिला संकेत मिळाला. तो उत्स्फूर्त उत्सर्जनाचा, म्हणजे आरशांत वाढण्याआधी इलेक्ट्रॉन आपोआप देतात त्या प्रकाशाचा आहे आणि अतिशय क्षीण आहे. हिशेबाने यायला हवा त्याहून बराच कमी. बीमची ऊर्जा थोडी बदलून तरंगलांबी १३ मायक्रॉनकडे नेली तेव्हा संकेत वाढला, आणि १५ कडे परत आणली तेव्हा पडला. बीममधील इतर कोणत्याही बदलाने याचा उलगडा होईना. दोष हवेत होता. कार्बन डायऑक्साइडचा एक अतिशय प्रबळ शोषण-पट्टा बरोबर १५ मायक्रॉनभोवती आहे आणि खिडकीपासून डिटेक्टरपर्यंत प्रकाशाची काही मीटर वाट उघड्या हवेतून जात होती. संपूर्ण वाट नळीत बंदिस्त करून तीतून कोरडा नायट्रोजन वाहता ठेवला. त्यानंतर १३ आणि १५ मायक्रॉनवरील संकेत हिशेबाप्रमाणे आले. तरंगलांबी निवडतानाच हवेच्या शोषणाचा तक्ता समोर ठेवावा, विशेषतः १५ मायक्रॉनच्या परिसरात.

१२ ऑगस्ट

लेसिंग, म्हणजे प्रकाश फेरीगणिक वाढत जाणे, अजून नाही. आरशांमधील अंतर हलवून पाहिले, काहीच वाढत नाही.

थांबून हिशेब मांडला. आरशांमधील अंतर ५.०३८५ मीटर, एका फेरीला ३३.६ नॅनोसेकंद, १० मायक्रोसेकंदांत सुमारे २९७ फेऱ्या. उत्स्फूर्त प्रकाशापासून संपृक्ततेपर्यंत (जेथे वाढ थांबते तेथपर्यंत) साधारण दहा कोटी पट वाढ लागते. सर्व तोटा वजा जाता दर फेरीला निव्वळ ५ टक्के वाढ असेल तर त्यासाठी ३७५ हून अधिक फेऱ्या लागतात, म्हणजे पल्स आधीच संपते. निव्वळ १५ टक्के असेल तर सुमारे १३२ फेऱ्यांत, साडेचार मायक्रोसेकंदांत काम होते. त्यामुळे नुसती वाढ असून भागत नाही. पल्सचा सलग मोठा भाग एकाच ऊर्जेचा असावा लागतो.

वळण-चुंबकामागे वेळेनुसार ऊर्जा मोजली तेव्हा दिसले की पल्सच्या सुरुवातीला ऊर्जा दोन टक्क्यांहून अधिक उतरते, आणि मग मॉड्युलेटरच्या उरलेल्या लाटेमुळे मध्यावर पुन्हा एक कुबड येते. सुरुवातीची उतरण बीमच्या भारामुळे आहे : पुंजके लिनॅकमधील साठवलेली ऊर्जा खेचतात आणि नवी समतोल स्थिती यायला लिनॅकचा भरण-काळ, सुमारे ०.८ मायक्रोसेकंद, जावा लागतो. गनची पल्स अलीकडे घेतली, म्हणजे लिनॅक पूर्ण भरण्याआधीच बीम आत जातो, भरणारी ऊर्जा आणि खेचली जाणारी ऊर्जा एकमेकींना भरून काढतात, आणि उतरण जवळजवळ नाहीशी होते. कुबडासाठी क्लायस्ट्रॉनच्या आधीच्या संकेताची फेज पल्सच्या आत बदलणारी यंत्रणा बसवली. आता ८ मायक्रोसेकंदांपर्यंत ऊर्जा अर्ध्या टक्क्याच्या आत राहते.

३० ऑगस्ट

आरशांमधील अंतराचा शोध. प्रकाश एक फेरी पूर्ण करून अन्ड्युलेटरच्या तोंडाशी येईल तेव्हाच नवा पुंजका तेथे असावा लागतो, आणि ५.०३८५ मीटरला दोन प्रकाश-पल्स एकाच वेळी आत फिरत राहतात. ट्रॅकरने हे अंतर सुमारे एक-दशांश मिलिमीटरपर्यंत निश्चित होते, तर लेसिंग होण्याची पट्टी मायक्रॉनच्या मोजक्या दशकांएवढीच आहे. म्हणून मोठ्या पट्ट्यात ५ मायक्रॉनच्या पायऱ्यांनी शोध घ्यावा लागतो.

पहिल्या शोधात काही सापडले नाही. मोटरच्या पायऱ्या मोजून स्थान काढले जात होते आणि आटेदार दांड्याला दिशा बदलताना ढिलाई होती. आता आरशाच्याच आधारावर बसवलेल्या एन्कोडरवरून स्थान वाचतो आणि शोध नेहमी लांबीकडून आखूडपणाकडे, एकाच दिशेने घेतो. पडताळा म्हणून मुख्य ऑसिलेटरची वारंवारताही हलवता येते. १० मायक्रॉनचा बदल २८५६ मेगाहर्ट्झवर सुमारे ५.७ किलोहर्ट्झच्या बदलाएवढा असतो. मात्र वारंवारता फार हलवली तर लिनॅक सुरापासून सरकते, म्हणून ती पडताळ्यापुरतीच.

५ सप्टेंबर

लेसिंग झाले.

शोध चालू असताना डिटेक्टरचा संकेत पल्सच्या उत्तरार्धात अचानक वर झेपावला आणि डिटेक्टर संपृक्त झाला. जाळीचे क्षीणक एकामागून एक घालत गेलो, तरी संकेत उरत होता. तिन्ही चाचण्या घेतल्या, तिन्ही जुळल्या. त्याच क्षणी वळण-चुंबकामागच्या पडद्यावरही खूण उमटली : बीमची अरुंद उभी रेघ पल्सच्या उत्तरार्धात खालच्या ऊर्जेकडे पसरत होती, कारण इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाला देत होते. आरसा ४० मायक्रॉन मागे घेतला की डिटेक्टरवरील झेप आणि पडद्यावरील पसारा दोन्ही एकदम नाहीसे होत, आणि पुढे आणला की दोन्ही परत येत. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन या दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. असे यंत्र प्रथम १९७७ मध्ये स्टॅनफर्डला ४३ एमईव्हीच्या बीमवर ३.४ मायक्रॉनला चालले. त्यानंतर इतक्या वर्षांनीही ती रेघ पसरताना पाहण्यातला आनंद तिळमात्र उणावलेला नाही.

लेसिंगची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी नसते. आरशांमधील अंतर समकालिक लांबीपेक्षा, म्हणजे प्रकाश व पुंजका नेमके एकाच वेळी येण्याच्या अंतरापेक्षा, किंचित आखूड असले तरच वाढ होते. लांब बाजूला ती झटकन तुटते. आखूड बाजूला खोल गेल्यास वाढ लवकर सुरू होते पण शक्ती कमी मिळते, आणि काठाजवळ शक्ती सर्वाधिक पण स्थैर्य सर्वांत कमी. शोध घेताना खोल बाजू आधी सापडते, आणि तेथून हळूहळू काठाकडे सरकावे.

दुपारपर्यंत लेसिंग आपोआप बंद पडले.

१९ सप्टेंबर

रोज सकाळी लेसिंग मिळत असे आणि काही तासांत हरवत असे. प्रत्येक वेळी ते आरसा थोडा हलवल्यावर परत येई, आणि हलवण्याची दिशा बोगद्याच्या तापमानाशी जुळत होती. पोलाद १ अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. ५ मीटरला ते ६० मायक्रॉन होते, म्हणजे बोगद्याचे तापमान एका अंशाने हलले की आम्ही पट्टीच्या पूर्ण बाहेर जातो. बीम चालू झाल्यावर चुंबकांच्या तारा तापतात आणि त्यांची उष्णता बोगद्यात साठते. वातानुकूलन रात्री कमी करण्याची पद्धत होती, त्यामुळे रोज सकाळी वेगळ्याच तापमानापासून सुरुवात होत असे.

तीन बदल केले. वातानुकूलन दिवसरात्र एकाच तापमानावर ठेवले. चुंबकांचे प्रवाह बीम नसतानाही चालू ठेवले. आणि दोन आरशांच्या आधारांना इन्व्हारच्या सळ्यांनी जोडले. इन्व्हारचे प्रसरण मीटरमागे १.२ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या एक-दशांश असते. त्यावर इंटरफेरोमीटरने अंतर मोजून मोटरने संथ दुरुस्ती करणारे नियंत्रण बसवले. या तिन्हींपैकी पहिला बदल बिनखर्ची होता आणि सर्वाधिक उपयोगी तोच पडला. तो लिनॅकच्या पाण्याबरोबर मे महिन्यातच करायला हवा होता, असे आमच्या गटातील सर्वांचे मत आहे.

२४ ऑक्टोबर

लेसिंग आता हस्तक्षेपाशिवाय पूर्ण पाळीभर टिकते. अन्ड्युलेटरची फट हलवून तरंगलांबी १३ ते १७ मायक्रॉनपर्यंत नेली. दर वेळी टोकांच्या दुरुस्ती-कॉइलचे प्रवाह फटीनुसार बदलावे लागतात आणि त्यांचा तक्ता तयार होत आला आहे. १५ मायक्रॉनच्या आसपास वापरकर्त्यांच्या वाटेतील नायट्रोजन बंद पडला की मापन चुकते, म्हणून नायट्रोजनचा प्रवाह-संवेदक इंटरलॉकमध्ये जोडला आहे. छिद्राच्या कडेवरील सोन्याचा मुलामा किंचित फिकट झालेला दिसतो; पुढच्या बंद-काळात तो आरसा काढून तपासायचा आहे आणि त्याच वेळी १.५ मिलिमीटर छिद्राचा राखीव आरसा लावून लांब तरंगलांबीला निव्वळ वाढ किती सुधारते हे मोजायचे आहे.